आधी कामांची यादी, मग कॉम्प्युटरची खरेदी

२०२५ सालची भाऊबीज. अक्काकडे गेलो होतो. तिचे गाव खटाव तालुक्यात. थोडे पाणी, त्यावर दीड एकर आले, दारात चार गाई. ओवाळणी झाली, फराळ झाला, पण अक्काचे लक्ष कशात दिसेना. शेवटी तीच म्हणाली, "जरा आत ये. तुला एक दाखवायचंय."

आतल्या खोलीत कॉम्प्युटर. २०१७ साली थोरल्या भाचीसाठी घेतलेला. अक्काने बटण दाबले. बऱ्याच वेळाने पडदा उजळला आणि त्यावर सूचना आली. विंडोज १० साठी कंपनीकडून मिळणाऱ्या सुधारणा आता बंद झाल्या आहेत, असा तिचा अर्थ होता.

मागून दाजी म्हणाले, "पाव्हणं, तालुक्याला दुकानदाराला विचारलं. तो म्हणतो, ह्या डब्याचं आता काय खरं नाही. ह्यावर नवीन विंडोज बसत नाही. नवा घ्या, बेचाळीस हजार पडतील."

बेचाळीस हजार काही आकाशातून पडत नाहीत. आल्याचे पैसे आले होते, पण ते थोरलीच्या वसतिगृहासाठी बाजूला ठेवलेले. ती साताऱ्याला कॉलेजात. ती समजूतदारपणे म्हणाली, "मामा, मी एक सहामाही एस.टी.ने जाऊन-येऊन करीन. आईला बचत गटाचं सगळं ह्याच्यावरच करावं लागतं." म्हणजे रोज चार तास प्रवासात. आणि कशासाठी, तर चालू असलेला कॉम्प्युटर भंगारात घालण्यासाठी!

असा प्रसंग आज अनेक शेतकरी कुटुंबांवर आला आहे. म्हणून आमच्या घरी आम्ही काय केले, का केले आणि त्यात कुठे अडलो, ते सांगतो.

कार्यप्रणाली म्हणजे मुकादम

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. कॉम्प्युटर म्हणजे लोखंड, तारा आणि चिप. त्याला आपण होऊन काही कळत नाही. आपण कळफलकावर अक्षर दाबतो, ते पडद्यावर उमटते, मग कागदावर छापून येते. मधली सारी कामे वाटून देणारा कोणी तरी लागतो. ऊसतोडीच्या टोळीला जसा मुकादम, तशी कॉम्प्युटरला ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मराठीत कार्यप्रणाली. कोणत्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, प्रिंटरला निरोप कधी धाडायचा, पेन ड्राइव्हवरचे काय उचलायचे, हे सगळे तीच पाहते.

विंडोज ही अशी एक कार्यप्रणाली. ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची. आपल्याकडे दुकानातून कॉम्प्युटर आणला की बहुधा तीच आत असते, म्हणून पुष्कळांना विंडोज म्हणजेच कॉम्प्युटर असे वाटते. तसे नाही. टोळी तीच राहून मुकादम बदलता येतो.

१४ ऑक्टोबरला नेमके काय झाले?

विंडोज १० ही आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिच्या नेहमीच्या सुधारणा थांबविल्या. त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. तो चालूच राहिला. फक्त कुंपण दुरुस्त करणारा माणूस यायचा थांबला.

कुंपणाला भोक पडले तर पहिल्याच दिवशी डुक्कर शिरते असे नाही, पण शिरते तेव्हा सगळे रान लोळवून जाते. याचे उदाहरण २०१७ सालचे आहे. मार्च महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका दोषावर दुरुस्ती दिली. ती अनेकांनी बसवलीच नाही. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस त्याच भोकातून शिरला आणि जगभरच्या लाखो कॉम्प्युटरांमधल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधी तयार होती. ती घेतली नव्हती, एवढेच.

तेव्हा सुधारणा न मिळणाऱ्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार करत राहणे शहाणपणाचे नाही. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली होती. त्यासाठी कंपनीच्या खात्यातून नोंदणी करावी लागते. पण ती झाली तात्पुरती टेकणी. कायमची सोय वेगळी बघावी लागते.

दुकानदार खोटे बोलत नव्हता

अक्काच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही, हे दुकानदाराचे म्हणणे खरे होते. २०२१ साली आलेल्या या आवृत्तीला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. तेवढी तिथे होती. पण सुरक्षेची टीपीएम २.० नावाची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसरही लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. अक्काचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा.

काही जण म्हणतात, "जुगाड करून बसवून देतो." बसते, पण अशा कॉम्प्युटरला पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. म्हणजे पुन्हा तेच, कुंपण आहे पण राखणदार नाही.

दुकानदाराची चूक एकच. त्याने कॉम्प्युटर पाहिला, काम विचारले नाही. आपण बैल घेताना काय करतो? माणदेशात खिलार, अकोले-इगतपुरीच्या पावसात डांगी, मराठवाड्यात देवणी नाहीतर लाल कंधारी. बाजारात सगळ्यात देखणा कोणता, हा प्रश्न नंतरचा. आपले रान कसे आणि ओढायचे काय, हा पहिला.

कॅलेंडरच्या पाठीवरची यादी

मी अक्काला म्हटले, "तू आणि पोरं ह्याच्यावर काय काय करता, ते सगळं लिहून काढ. वर्षातून एकदा करता तेही लिही." तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी केली. त्या यादीचे आपोआप तीन भाग पडले.

पहिला भाग इंटरनेटवरच्या कामांचा. सातबारा आणि आठ-अ पाहणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, वीजबिल, बँक, बाजारभाव, धाकट्याचे अभ्यासाचे व्हिडिओ. ही सगळी कामे ब्राउझरमध्ये होतात. फायरफॉक्स किंवा क्रोम चालला की झाले. खाली मुकादम कोणता, याच्याशी या कामांना फारसे देणे-घेणे नाही. पिकाची ई-नोंद तर दाजी मोबाइलवरूनच करतात.

दुसरा भाग लिहिण्याचा आणि हिशोबाचा. बचत गटाची इतिवृत्ते, कर्जाचे हप्ते, दुधाचा हिशोब, भाचीचे कॉलेजचे निबंध. यासाठी शब्द आणि आकडे हाताळणारा प्रोग्रॅम हवा, आणि मराठी नीट टाइप व्हायला हवे.

तिसरा भाग अडचणीचा असतो. एकाच कार्यप्रणालीवर चालणारे ठरावीक प्रोग्रॅम त्यात येतात. अक्काच्या यादीत असा प्रोग्रॅम एकच निघाला, मराठी टाइप करण्याचा जुना प्रोग्रॅम. शिवाय एक प्रिंटर होता.

वाचकहो, तुमची निवड या तिसऱ्या भागावर ठरते. दाजींच्या पुतण्याचे कृषी सेवा केंद्र आहे. त्याचा सारा हिशोब टॅलीवर, जीएसटीची विवरणे, डिजिटल सहीचे डोंगल. टॅली विंडोजवर चालते, आणि डोंगलचे प्रोग्रॅमही बहुधा विंडोज धरूनच केलेले असतात. त्याने नवा विंडोज ११ चा कॉम्प्युटर घेतला आणि योग्यच केले. त्याच्या धंद्याचे ते अवजार आहे. पण त्याला योग्य ते अक्काला योग्य, असे होत नाही.

बाजारात काय काय आहे?

विंडोज ११: टॅली, विंडोजवरच चालणारे व्यवसायाचे प्रोग्रॅम, डिजिटल सही ज्यांच्या रोजच्या कामात आहे, त्यांनी हीच घ्यावी. गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांना हीच येते, हा तिचा मोठा फायदा. मात्र परवान्यासह घ्यावी आणि पक्के बिल मागावे. "फुकटात टाकून देतो" म्हणून जी चोरीची विंडोज बसवतात, तिच्याबरोबर व्हायरसही घरात येऊ शकतो.

लिनक्स: १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हिचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. त्यावर जगभरच्या लोकांनी भर घातली. कोणीही घ्यावी, वाटावी, सुधारावी, पैसे नाहीत. हे ऐकून दाजी म्हणाले, "फुकटचं कुठं टिकतं का?" मी म्हटले, "दाजी, तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन ह्याच गाभ्यावर चालतो." केरळमधल्या सरकारी शाळांतली मुले कितीतरी वर्षे लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकत आहेत. लिनक्सचे अनेक वाण आहेत. नवख्या माणसाला 'लिनक्स मिंट' सोपी पडते, कारण तिची मांडणी विंडोजच्या जवळची आहे. 'उबुंटू' ही दुसरी. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाची भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स केली. तिची पहिली आवृत्ती २००७ सालची.

क्रोम ओएस फ्लेक्स: ही गूगलची, २०२२ सालची, जुन्या कॉम्प्युटरांसाठी फुकट. जिथे सारे काम ब्राउझरमध्येच आहे आणि इंटरनेट भरवशाचे आहे, तिथे ठीक. जिथे रेंजसाठी गच्चीवर जावे लागते, तिथे नाही.

मॅक: ही ॲपल कंपनीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरांवरच मिळते. चांगली, पण महाग. जुन्या कॉम्प्युटरचा प्रश्न तिने सुटत नाही.

बी पेरण्याआधी उगवण तपासा

लिनक्सची एक सोय मला फार आवडते. ती पेन ड्राइव्हवर भरून तिथूनच चालवून पाहता येते. घरातली विंडोज, फायली, काहीही न पुसता. बी पेरण्याआधी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासतो, तसेच हे.

भाचीने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट भरली. पेन ड्राइव्हवरून ती जरा संथ चालते, तेवढे गृहीत धरावे. चार दिवस आम्ही यादीतले एकेक काम करून पाहिले आणि पुढे खुणा केल्या. सातबारा दिसला. महाडीबीटी उघडले. व्हिडिओचा आवाज आला. वायफाय लागले. हिशोबासाठी 'लिब्रे ऑफिस' आत होतेच. त्यात एक्सेलमध्ये केलेला दुधाचा हिशोब उघडला, बेरजा बरोबर आल्या. वर्डमधल्या एका फाईलच्या चौकटी मात्र थोड्या सरकल्या, त्या हाताने बसवाव्या लागल्या.

प्रिंटर अडला. कागद ओढायचा आणि कोराच बाहेर टाकायचा. भाचीने एक संध्याकाळ घालवून त्या मॉडेलचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर शोधला, तेव्हा कुठे छापू लागला. पण काही प्रिंटरांचा ड्रायव्हर मिळतच नाही. म्हणून प्रिंटरचे आधी तपासा, नाहीतर ऐन अर्जाच्या दिवशी पंचाईत होईल.

मराठीचा पेच

खरा घाम फुटला तो पुढे. बचत गटाची आठ वर्षांची इतिवृत्ते अक्काने जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. ती फाईल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. अक्का मटकन खाली बसली. "अरे, चौदा बायकांच्या कर्जाच्या नोंदी आहेत रे त्यात!"

नोंदी कुठे गेल्या नव्हत्या. जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरच साठवतो आणि त्यावर मराठी अक्षराचे चित्र चढवतो. तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये तसे नाही. त्यात 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, मग विंडोज असो, लिनक्स असो की मोबाइल असो. म्हणून एकदा युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कुठेही वाचता येते.

आम्ही विंडोजवरून तो फॉन्ट आणून बसवला, तेव्हा जुन्या फायली वाचता आल्या. मग जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम वापरून एकेक इतिवृत्त पालटले. जोडाक्षरे कुठे कुठे बिघडली, काही रफार उडाले. तीन रात्री भाची वाचायची आणि अक्का छापील वहीशी ताडून बघायची. आकड्यांच्या बाबतीत तर आम्ही प्रोग्रॅमवर विश्वासच ठेवला नाही, प्रत्येक रक्कम वहीवरून पुन्हा तपासली.

टाइप करण्यासाठी अक्काने इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला घेतला. १९८६ साली भारत सरकारने ठरविलेली ही मांडणी. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. विंडोजवरही तीच, लिनक्सवरही तीच. पहिला आठवडा ती वैतागली होती. माझे सांगणे असे की, कार्यप्रणाली कोणतीही ठेवा, पण आजपासून मराठी युनिकोडमध्येच लिहा. पुढे कधी मुकादम बदलला तरी आपले दप्तर आपल्या हाती राहते.

शेवटी काय ठरले?

चार दिवसांनंतर यादीवरच्या सगळ्या कामांपुढे खुणा झाल्या. तेव्हाच अक्काने होकार दिला. आधी सगळ्या फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि दुसरी पुतण्याच्या कॉम्प्युटरवर ठेवली. बियाणे कधी एकाच कणगीत ठेवू नये. मग जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम ४ ची ८ जीबी केली. दोन्ही मिळून खर्च पाच हजारांच्या आत. त्यावर मिंटची २२ वी आवृत्ती घातली. तिच्या सुधारणा २०२९ सालापर्यंत मिळायच्या आहेत. जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट कपाटात ठेवली आहे. कधी अडलेच तर मागे फिरायची वाट असावी.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला तेव्हा दाजी चहाचा कप घेऊन शेजारी बसले होते. एरवी पडदा उजळेपर्यंत चहा संपायचा. त्या दिवशी एक घोट झाला नाही तोच काम सुरू. त्यातला मोठा वाटा नव्या एसएसडीचा, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे.

सगळे गोड झाले असेही नाही. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला लिनक्स येत नाही. काही बिघडले तर भाचीला फोन करावा लागतो. धाकट्याला एमएस-सीआयटी करायची आहे, त्यासाठी विंडोजचा सराव केंद्रावर जाऊनच करावा लागेल. घरात शिकणारे, धडपडणारे एक तरी माणूस नसेल, तर लिनक्सच्या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करा. आणि कॉम्प्युटर फारच जुना, २ जीबी रॅमचा असेल, तर मुकादम बदलून बैल तरुण होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तुम्ही काय कराल?

पहिले, कामांची यादी करा. घरातल्या प्रत्येकाला विचारा, बायकांना आणि मुलांना आधी विचारा, कारण कॉम्प्युटर बहुधा तेच वापरतात. दुसरे, यादीतले कोणते काम एकाच कार्यप्रणालीवर चालते, ते शोधा. असे रोजचे काम असेल तर निवड तिथेच झाली. तिसरे, कॉम्प्युटरचा प्रोसेसर, रॅम आणि साल कागदावर लिहून घ्या, मग दुकानात जा. चौथे, फायलींच्या दोन प्रती काढल्याशिवाय कोणालाही कॉम्प्युटर उघडू देऊ नका. पाचवे, पुसण्याआधी चालवून पाहा. आणि सहावे, बिघडले तर कोणाला हाक मारायची, ते आधी ठरवा.

या यादीतून नवा कॉम्प्युटर घ्यायचे ठरले, तर खुशाल घ्या. तो खर्च वाया नाही. पण भीतीपोटी, कोणी 'भंगार' म्हटले म्हणून, लेकीच्या फीला हात घालू नका.

भाचीची फी शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी भरली. ती पावती अक्काने त्याच जुन्या कॉम्प्युटरवरून छापली आणि देवघराच्या फळीवर ठेवली. बचत गटाचे पुढचे इतिवृत्तही तिने त्यावरच लिहिले, युनिकोडमध्ये. त्यात एक ठराव आहे: गटातल्या ज्या घरी कॉम्प्युटर आहे, त्या प्रत्येकीने पुढच्या बैठकीला कामांची यादी लिहून आणावी.